बोलणं समोरच्याकडे राहू द्या: गप्पांमध्ये स्वतःबद्दल कमी कसं बोलावं

माझी एक मैत्रीण तिच्या वडिलांबद्दल सांगत होती. त्यांना विसर पडायला लागला होता. आदल्या दिवशी घराच्या दारात उभं राहून त्यांनी तिला विचारलं होतं, "हे कुणाचं घर?" तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं आणि मी म्हणाले, "अगं, माझ्या आजोबांचंही अगदी असंच झालं होतं." मग आजोबा, त्यांचे डॉक्टर, त्यांची शेवटची दोन वर्षं. मी अगदी मनापासून बोलत होते. तिला एकटं वाटू नये, एवढंच माझ्या मनात होतं. दहाएक मिनिटांनी मी थांबले तेव्हा ती "हं" म्हणाली आणि तिने विषय बदलला. त्या संध्याकाळी वडिलांबद्दल ती पुन्हा एक शब्दही बोलली नाही.

ते "हं" माझ्या डोक्यातून जाईना. सतत आपलीच टिमकी वाजवणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात, आणि आपण तसे नाही अशी आपली खात्री असते. पण गप्पा स्वतःकडे ओढणारे बहुतेक जण बढाईखोर नसतात. कुणी मायेपोटी बोलतं, कुणी संकोचापोटी, तर कुणाला शांतता सोसत नाही म्हणून. या सवयीवर मी गेली काही वर्षं काम करते आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते.

आधी हे का होतं ते पाहू

2009 मध्ये नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक मानसभाषाविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दहा वेगवेगळ्या भाषांमधली संभाषणं तपासली. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांत सरासरी सुमारे 200 मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच अंतर निघालं. आता यात गंमत अशी, की नुसतं चित्र पाहून त्यातल्या वस्तूचं नाव उच्चारायचं म्हटलं तरी मेंदूला साधारण 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव सुरू केलेली असते. नाहीतर इतक्या चटकन तोंड उघडणं शक्यच नाही.

आणि घाईत हाताला सगळ्यात आधी काय लागतं? आपली स्वतःची आठवण. ती शोधावी लागत नाही, पडताळावी लागत नाही. समोरच्याच्या अनुभवाबद्दल काही बोलायचं तर थोडा विचार करावा लागतो. आपला किस्सा मात्र तयारच असतो. माझ्या मते गप्पांमधला बराचसा "मी" अहंकारातून नाही, या घाईतून येतो. म्हणूनच पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा भर गप्प बसण्यावर नाही. समोरच्याचा शेवटचा शब्द आणि आपला पहिला शब्द यांच्यामधली ती चिमूटभर जागा थोडी रुंद करायची, एवढंच आपलं काम.

घाईच्या जोडीला सुखही आहे. हार्वर्डमधल्या डायना तमीर आणि जेसन मिचेल यांनी 2012 मध्ये दाखवलं, की स्वतःबद्दल सांगताना मेंदूतले बक्षीस मिळाल्यावर जागे होणारे भाग सक्रिय होतात. स्वतःबद्दल बोलायला मिळावं म्हणून काही जणांनी प्रयोगात मिळू शकणारे थोडे पैसेही सोडले. रोजच्या बोलण्यातला 30 ते 40 टक्के भाग स्वतःचे अनुभव आणि मतं सांगण्यात जातो, असंही त्यांनी आधीच्या अभ्यासांच्या आधारे नोंदवलं आहे. त्यामुळे ही खोड लागली म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. ती जवळपास सगळ्यांनाच असते.

कोणतं बोलणं कमी करायचं?

मराठीत "मी" हा शब्द गाळूनही आपण तासभर स्वतःबद्दल बोलू शकतो. "गेले, पाहिलं, परत आले", क्रियापदच सगळं सांगून टाकतं. तेव्हा "मी" किती वेळा आला हे मोजण्यात अर्थ नाही. इंग्रजी आणि जर्मन बोलणाऱ्या 4,800 हून अधिक लोकांवरच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही "मी"चा वापर आणि आत्मकेंद्री स्वभाव यांचा म्हणावा असा संबंध आढळला नाही. "मला नीट कळलं नाही, परत सांगतेस?" यात "मला" आहे, तरी बोलणं तिच्याकडेच राहतं. उलट "अशा वेळी माणसाने खंबीर राहावं" या वाक्यात "मी" कुठेच नाही, पण बोलणारा स्वतःच्या खंबीरपणाकडेच बोट दाखवतो आहे.

मोजायचं ते दिशेवरून. चार्ल्स डर्बर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये दोन प्रकारच्या प्रतिसादांतला फरक मांडला. एक प्रतिसाद बोलणं आपल्याकडे वळवतो, दुसरा ते समोरच्याकडेच ठेवतो. समजा कुणी म्हणालं, "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

वळवणारा प्रतिसाद: "माझीही आठवडाभर तीच गत आहे."

आधार देणारा प्रतिसाद: "रात्रभर? कसली काळजी लागली होती का?"

पहिलं वाक्य वाईट नाही. त्यात सहानुभूतीही आहे. पण त्यानंतर बोलायची पाळी कुणाची, हे अस्पष्ट होतं, आणि आपण थांबलो नाही तर ती आपलीच होऊन बसते.

इथे एका गोष्टीचा आदर राखायला हवा. संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या हार्वी सॅक्स यांनी फार पूर्वी दाखवून दिलं होतं, की एकाने किस्सा सांगितल्यावर दुसऱ्याने तसाच किस्सा सांगणं ही "तुझं मला कळलं" असं दाखवण्याची रीत आहे. म्हणजे मैत्रिणीला आजोबांची गोष्ट सांगावीशी वाटली यात माझं चुकलं नव्हतं. चुकली ती वेळ. तिचं अजून सांगून व्हायचं होतं.

पायरी 1: आठवडाभर नुसतं टिपा

काहीही बदलू नका. रोज रात्री दिवसातली दोन-तीन संभाषणं आठवा आणि दोनच प्रश्नांची उत्तरं लिहा. एक, समोरच्याबद्दल मला आज कोणती नवी गोष्ट कळली? दोन, बोलणं माझ्याकडे कोणत्या वाक्यावर वळलं?

पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मी पहिल्या दिवशी लिहायला बसले तेव्हा एका सहकाऱ्याशी अर्धा तास बोलूनही त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे एक ओळ नव्हती. माझ्याबद्दल मात्र त्याला बरंच कळलं असणार. असं रिकामं पान दिसलं की बाकीचं आपोआप उमगतं.

दुसऱ्या प्रश्नात नेमकं वाक्य आठवायचा प्रयत्न करा. "मी फार बोलले" या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही. "तो बदलीबद्दल म्हणाला आणि मी माझ्या पहिल्या नोकरीवर गेले" ही उपयोगी नोंद. चार-पाच दिवसांत एक नमुना दिसू लागतो. ठरावीक माणसं, ठरावीक वेळ, ठरावीक विषय. माझ्या बाबतीत फोन आणि ज्यांच्यावर छाप पाडावीशी वाटते अशी माणसं, या दोन जागा निघाल्या. थकलेली असले की दोन्हींत भर.

पायरी 2: आपली तऱ्हा ओळखा

बोलणं स्वतःकडे ओढण्याच्या तऱ्हा अनेक आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय थोडा वेगळा. माझी तऱ्हा समांतर किश्शाची: "माझंही असंच झालं होतं." तिची सख्खी बहीण म्हणजे वरचढ किस्सा: तुमचा ताप दोन दिवसांचा, तर माझा दहा दिवसांचा. दुःखातसुद्धा ही चढाओढ चालते, आणि तेव्हा ती फार लागते.

सल्ला ही तिसरी तऱ्हा. "मी तुझ्या जागी असते तर…" असं म्हणताच आपण खरंच तिच्या जागी जाऊन बसतो आणि तिला उठवतो. सल्ला मागितला असेल तर जरूर द्या. नसेल तर एकदा विचारा: "काय करता येईल ते बघायचंय, की नुसतं ऐकू?" या एका प्रश्नाने माझ्या घरातले बरेच वाद टळले आहेत.

तक्रारीत गुंडाळलेली बढाई हीही एक तऱ्हा: "काय सांगू, सगळ्या जबाबदाऱ्या माझ्याच गळ्यात घालतात." 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की लोकांना सरळ बढाई किंवा सरळ तक्रार अशा आडून केलेल्या बढाईपेक्षा बरी वाटते, कारण आडून बोलण्यात खोटेपणा जाणवतो. तेव्हा आनंदाची बातमी सांगायचीच असेल तर सरळ सांगा. "मला बढती मिळाली, फार आनंद झालाय." एका वाक्यात काम होतं.

शेवटची तऱ्हा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: स्वतःला कमी लेखणं. मैत्रीण तिच्या मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलते आहे आणि आपण म्हणतो, "मी तर आई म्हणून अगदीच वाईट आहे." हे नम्रतेसारखं दिसतं. पण आता तिला तिची काळजी बाजूला ठेवून आपली समजूत काढावी लागते: "नाही गं, असं काय म्हणतेस!" नकळत आपण तिच्या वाटणीचा धीर मागून घेतला. मनात न्यूनगंड असलेली, हळवी, चांगली माणसं हे सर्रास करतात आणि आपण स्वतःबद्दल बोलतो आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. तुमची ही सवय असेल तर ती सगळ्यात आधी हाताळा.

पायरी 3: एक श्वास थांबा

समोरच्याचं वाक्य संपलं की लगेच बोलू नका. एक श्वास घ्या, तो पूर्ण सोडा, मग बोला. दोन-तीन सेकंद लागतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं, करायला अवघड जातं.

मेरी बड रो या शिक्षणसंशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांमधल्या शांततेचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत. तीच वेळ 3 सेकंदांच्या आसपास नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलंही आपणहून बोलू लागली. मोठ्या माणसांच्या बाबतीत मला हेच दिसतं. माणूस आधी बेताचं सांगतो, मग समोरचा थांबलाय असं दिसलं की मनातलं बाहेर येतं. "बाकी सगळं ठीक आहे" हे वाक्य संपल्यावर जरा थांबून पाहा. त्यापुढे बऱ्याचदा "म्हणजे, तसं ठीक आहे…" येतं, आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं.

फोनवर मात्र शांतता विचित्र वाटते. तुटला की काय, अशी समोरच्याला शंका येते. तिथे "हं… सांग" पुरे. हात मोकळे असतील तर कागदावर त्यांचाच एखादा शब्द लिहा. हाताला काम मिळालं की तोंड थांबतं.

थांबलं की आपला किस्सा आतून धडका देतो. देऊ दे. तो कुठे पळून जात नाही. हवं तर मनात त्याला नाव द्या, "आजोबांची गोष्ट", आणि बाजूला ठेवा. दहा मिनिटांनीही ती सांगावीशी वाटली, आणि तोवर तिचं सांगून झालं असेल, तर सांगा. माझा अनुभव असा, की बऱ्याचदा तोवर गरज उरत नाही.

पायरी 4: पहिलं वाक्य त्यांच्या शब्दांतून

सगळ्या पायऱ्यांमध्ये मला सर्वांत उपयोगी पडलेली पायरी ही. थांबून झालं की तुमच्या पहिल्या वाक्यात समोरच्याने वापरलेला एक तरी शब्द असू द्या. एवढा एकच नियम पाळला तरी बोलणं वळवणं जवळपास अशक्य होतं.

मैत्रिणीच्या त्या संध्याकाळी मी काय म्हणू शकले असते?

"बाबांनी दारात उभं राहून विचारलं, हे कुणाचं घर?"

"दारात उभं राहून?"

बस. दोन-तीन शब्द. पुढचं तिनेच सांगितलं असतं. किंवा "तुला विचारलं त्यांनी… मग तू काय म्हणालीस?" यात कौशल्य काही नाही. लक्ष तेवढं हवं, कारण ऐकलंच नसेल तर त्यांचा शब्द आणणार कुठून?

मन लावून ऐकण्याची ही रीत कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी 1957 मध्येच नीट मांडली होती. समुपदेशक आजही ती शिकतात. पण शिकल्यासारखी वापरली तर ती खोटी वाटते. प्रत्येक वाक्याला "म्हणजे तुला वाईट वाटतंय असं तुला म्हणायचंय" असं सुरू केलंत तर समोरचा वैतागेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. पोपटपंची नको. तुम्हाला खरोखर जो शब्द थबकवून गेला, तोच परत द्या.

पायरी 5: धागा धरून विचारा

हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, विशेषतः आधीच्या उत्तराचा धागा धरून पुढचा प्रश्न विचारणारी. विषय बदलणाऱ्या प्रश्नांना तेवढं महत्त्व नव्हतं. याचं कारण उघड आहे: धाग्याचा प्रश्न विचारायला आधीचं उत्तर ऐकावं लागतं.

प्रश्न विचारण्याआधी स्वतःशी एक तपासणी करा: या प्रश्नाने तिला सांगायला सोपं जाणार आहे, की माझं कुतूहल भागणार आहे? कुणाचं लग्न मोडलं तर "पण नेमकं झालं काय?" हा कुतूहलाचा प्रश्न. "आता राहायची सोय कशी आहे?" किंवा "आज कशी आहेस?" हा तिच्यासाठीचा. "का" पेक्षा "कसं" आणि "काय" बरे. "का सोडलीस नोकरी?" यात नकळत जाब विचारल्याचा सूर येतो. "सोडायचं कसं ठरलं?" यात येत नाही. शब्दांचा फरक छोटा, पण उत्तरं अगदी वेगळी मिळतात.

एका वेळी एकच प्रश्न. आणि लागोपाठ तीन-चार प्रश्न झाले की मध्ये एखादं साधं विधान येऊ द्या: "हे अवघड गेलं असणार." नुसत्या प्रश्नांनी उलटतपासणी होते.

एक सापळा मात्र मी स्वतः कितीदा तरी लावला आहे. "सुट्टी कशी गेली?" असं विचारायचं, समोरच्याचं "छान गेली" कानावर पडताच "आम्ही तर…" म्हणून सुरू व्हायचं. प्रश्न विचारला होता तो स्वतःचं सांगायला मिळावं म्हणून. संशोधकांनी याला बूमरँगवरून नावही दिलं आहे, कारण फेकलेला प्रश्न आपल्याकडेच परत येतो. समोरच्याला हे दर वेळी कळतं. तुम्हाला सुट्टीबद्दल सांगायचंच असेल तर विचारण्याचं सोंग न करता सांगा: "ऐक ना, सुट्टीची एक गोष्ट सांगायचीय." ते जास्त प्रामाणिक आहे.

पायरी 6: तुम्हाला विचारलं तर

काही जण इथे दुसऱ्या टोकाला जातात. काहीही विचारा, "बरं चाललंय, तुमचं काय?" सुरुवातीला हे विनयाचं वाटतं, नंतर भिंतीसारखं. आपण सगळं सांगितलं आणि समोरच्याने काहीच नाही, ही भावना सुखाची नसते. अनोळखी जोड्यांवरच्या 2013 च्या एका अभ्यासात आलटून पालटून सांगणाऱ्यांची जवळीक, एकानेच सांगायचं आणि दुसऱ्याने नुसतं ऐकायचं अशा जोड्यांपेक्षा जास्त निघाली. स्वतःला पुसून टाकणं हा आपला हेतू नाही.

मी पाळते ती पद्धत अशी: दोन-तीन वाक्यं, खरी, आणि त्यात एक ठोस गोष्ट. "बरं चाललंय" यात धरायला काही नाही. "बरंय. पोहायला शिकतेय, अजून पाण्यात डोकं घालायची भीती वाटते. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे आता?" यात समोरच्याला हवं तर पोहण्याबद्दल विचारता येतं, हवं तर गुडघ्याकडे वळता येतं. त्याने पोहण्याबद्दल दुसऱ्यांदा विचारलं, तर आता मोकळेपणाने सांगा. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे खरंच ऐकायचं आहे, असं मी धरते.

आणि सांगायचं नसेल तर? पगार, लग्न, मूल, आजारपण यांवर काही माणसं खोदून खोदून विचारतात. तिथे खोटं बोलू नका आणि कारणही देऊ नका, कारण प्रत्येक कारणातून नवा प्रश्न फुटतो. "त्याबद्दल सध्या बोलावंसं वाटत नाही. काकू, तुम्ही मघाशी प्रवासाचं सांगत होतात, ते राहिलं." आवाज शांत आणि प्रेमळ. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, तसंच.

आनंदाची बातमी, दुःख आणि चारचौघांतल्या गप्पा

दुःखात सावध राहावं हे आपल्याला माहीत असतं, निदान पटतं तरी. कुणाचं माणूस गेलं असेल तर आपल्याकडच्या मृत्यूची गोष्ट त्या दिवशी नको. "त्यांच्याबद्दल सांग ना" एवढं म्हणा आणि बसून राहा.

आनंदाकडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथे होतं. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी जोडप्यांचा अभ्यास करताना पाहिलं, की जोडीदाराच्या चांगल्या बातमीला आपण कसा प्रतिसाद देतो याचा नात्याच्या समाधानाशी घट्ट संबंध असतो. उत्साहाने विचारपूस करणारा प्रतिसाद नातं जपतो. थंडपणे "छान" म्हणणं, खुसपट काढणं, किंवा बातमी बाजूला सारून स्वतःचंच काही सुरू करणं यांतलं काहीच ते करत नाही. भाऊ म्हणतो, "ताई, परीक्षा पास झालो!" तर आपली परीक्षा, आपला निकाल, आपल्या वेळचा पेपर किती अवघड होता, यातलं काही नको. "कधी कळलं? यादीत नाव दिसलं तेव्हा कुठे होतास?" तो क्षण त्याला पुन्हा जगू द्या. सांगताना त्याचा आनंद दुणावतो.

चारचौघांत एक वेगळं, छोटंसं काम करता येतं. कुणाचं तरी वाक्य मध्येच तुटलेलं असतं आणि तो माणूस कसनुसं हसून गप्प होतो. गोंगाट ओसरला की त्याच्याकडे वळा: "तू मघाशी मुलाखतीचं काहीतरी सांगत होतास." स्वतःबद्दल न बोलण्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

जिथे ही पथ्यं नकोत

डॉक्टरांसमोर, नोकरीच्या मुलाखतीत, मदत मागताना, अन्याय होत असताना स्वतःबद्दल बोलायचं, सविस्तर बोलायचं. समोरचा माणूस शरमेने खचला असेल तेव्हाही आपला अनुभव औषधासारखा लागू पडतो. "मीही नापास झाले होते" हे वाक्य तेव्हा अनमोल असतं. फक्त ते एकच वाक्य असू द्या. तपशील त्याने विचारले तर.

आणि आयुष्यभर फक्त ऐकतच आलेली माणसंही असतात. घरातल्या सगळ्यांची गाऱ्हाणी त्यांच्या कानावर पडतात, त्यांना मात्र कुणी "तुझं काय?" म्हणत नाही. तुम्ही त्यांच्यातले असाल तर वरचं काहीही पाळू नका. तुमची पाळी राहिलेली आहे. ती मागून घ्या.

पायरी 7: घसरलात तर

घसरणारच. मी आजही घसरते. बोलता बोलता लक्षात आलं की वाक्य अर्धं असलं तरी तिथेच सोडा: "थांब, मी माझंच सांगत बसले. तू कुठवर आली होतीस? बाबा दारात उभे होते…" त्यांचा शेवटचा मुद्दा आठवून सांगितला की पुरे. पुढे माफी मागत बसू नका. "मी नेहमी असंच करते, मला काही कळतच नाही" हे लांबलं की पुन्हा बोलणं आपल्याबद्दलच सुरू झालं.

पायरी 8: नंतर आठवणीने विचारा

संभाषण संपल्यावर समोरच्याबद्दल कळलेली एक गोष्ट लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यातली वही इथे कामी येते. तपासणीचा दिवस, मुलाच्या परीक्षेची तारीख, घरमालकाशी व्हायचं बोलणं. तो दिवस उलटला की एक छोटा मेसेज किंवा फोन करा: "काल निकाल यायचा होता ना?" स्वतःचं काही जोडू नका, "मीही गडबडीत होते" असंसुद्धा नाही. लिहून ठेवणं काहींना कृत्रिम वाटतं. मला वाटत नाही. जे महत्त्वाचं वाटतं ते आपण लिहून ठेवतोच.

मैत्रिणीला मी तीन आठवड्यांनी फोन केला. "त्या दिवशी तू बाबांचं सांगत होतीस. त्यांनी दारात विचारलं, हे कुणाचं घर. मग तू काय म्हणालीस?" आणि थांबले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मी म्हटलं, माझं आहे. तर म्हणाले, मग मी आत येऊ का?"